नाताळची खरेदी, मॉलबाहेरची : बेथलेहेम, लॅम्बर्टव्हिल आणि आसपासची गावं



दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच इथे थँक्सगिव्हिंग येतं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा देश खरेदीला लागतो. त्यातून आपलीही सुटका नसते. मुलांच्या शिक्षिका, शेजारी, ऑफिसातला सीक्रेट सँटा, आणि डिसेंबरात भारतात जाणार असाल तर ती यादी वेगळीच! बरेच जण हे सगळं एका शनिवारी मॉलमध्ये किंवा एका रात्री कंप्युटरपुढे बसून उरकून टाकतात. त्यात चूक काहीच नाही. पण आम्ही दोघं गेली काही वर्षं ही खरेदी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावांत जाऊन करतो. मंडळात दरवर्षी तेच प्रश्न येतात : कुठे जायचं, काय मिळतं, महाग पडतं का, भारतातून आलेल्या आई-बाबांना झेपेल का, आणि (सर्वांत आधी!) शाकाहारी खायला काय मिळतं? म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो आहोत. अंतरं एडिसन-आयसेलिन धरून दिली आहेत, कारण आपली निम्मी मंडळी तिथेच राहतात.

बेथलेहेम, पेनसिल्व्हेनिया

वेळ एकाच गावासाठी असेल तर इथे जा. इंटरस्टेट ७८ ने पश्चिमेला साधारण साठ मैल, रहदारी नसेल तर सव्वा तास. एक्झिट ६७ ला उतरून रूट ४१२ घेतला की थेट गावात. पेनसिल्व्हेनियात शिरताना डेलावेअर नदीच्या पुलावर टोल आहे, येताना नाही.

नाव ऐकून हे कुणीतरी पर्यटकांसाठी ठेवलेलं नाव असेल असं वाटतं, पण तसं नाही. युरोपातून आलेल्या मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी १७४१ साली इथे वस्ती केली. त्या वर्षी २४ डिसेंबरच्या रात्री त्यांचा पुढारी काउंट झिंझेनडॉर्फ इथे होता. लाकडी ओंडक्यांचं घर, त्याला लागूनच गुरांचा गोठा, आणि रात्र ख्रिस्तजन्माची. तिथेच गावाचं नाव बेथलेहेम ठरलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षं त्या पंथाबाहेरच्या कुणाला इथे घर घेता येत नसे. त्यामुळे जुन्या गावाच्या दगडी इमारती बऱ्याच शाबूत राहिल्या, आणि २०२४ साली या जुन्या वस्तीला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. डेन्मार्कचं क्रिस्टियान्सफेल्ड, जर्मनीचं हेर्नहूट आणि उत्तर आयर्लंडचं ग्रेसहिल ही त्याच यादीतली भावंडं. याच पंथाच्या मिशनऱ्यांनी १८८५ साली आपल्या लडाखमध्ये लेहला केंद्र काढलं आणि तिथलं मोरेव्हियन चर्च आजही चालू आहे, हे आम्हाला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

'ख्रिसमस सिटी' ही पदवी मात्र पंथाने दिलेली नाही. ती दिली १९३७ साली गावच्या चेंबर ऑफ कॉमर्सने, ऐन मंदीत, गिऱ्हाईक यावं म्हणून. त्याच वर्षी साउथ माउंटनवर विजेचा मोठा तारा उभारला. तो आजही रात्री हायवेवरून दिसतो. म्हणजे भक्ती आणि धंदा दोन्ही इथे पहिल्यापासून हातात हात घालून आहेत. आपल्याला त्याचं आश्चर्य वाटायला नको, देवळाबाहेरच्या बाजारपेठांत तर आपण वाढलो!

खरेदी मुख्यतः मेन स्ट्रीटवर. ती उतारावरची, अर्ध्या मैलाहूनही कमी लांबीची आहे, त्यामुळे आजी-आजोबा सावकाश चालले तरी तासाभरात एक फेरी होते. मोरेव्हियन बुक शॉप हे १७४५ पासूनचं दुकान. देशातलं सर्वांत जुनं पुस्तकांचं दुकान म्हणून ते ओळखलं जातं. २०१८ साली ते गावातल्याच मोरेव्हियन कॉलेजने (आता युनिव्हर्सिटी) घेतलं. पुस्तकं आहेतच, पण नाताळात लोक येतात ते मोरेव्हियन तारा घ्यायला.

हा तारा म्हणजे थेट आपला आकाशकंदील! दिवाळीत आपण दाराबाहेर टांगतो तसाच हे लोक पोर्चमध्ये टांगतात, आत दिवा लावतात. याचा जन्म १८३० च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोरेव्हियन शाळेत झाला, आणि तोही भूमितीचा धडा म्हणून. इंजिनिअर मंडळींसाठी खास माहिती : मधल्या घनाकृतीला २६ पृष्ठं असतात, १८ चौकोनी आणि ८ त्रिकोणी. प्रत्येक पृष्ठावर एक निमुळता कोन बसवला की २६ टोकांचा तारा. टांगायला आणि दिवा घालायला बहुधा एक चौकोन मोकळा सोडतात, म्हणून प्रत्यक्षात पंचवीस टोकं भरतात. कागदी सुट्या भागांचा संच मिळतो, तो मुलांबरोबर घरी जोडायला दोन तास लागतात. आमच्या घरी तो दिवाळीच्या कंदिलाच्या हुकावरच जातो. कंदील उतरला की तारा वर!

भारतात न्यायचा असेल तर एक तांत्रिक सूचना. इथले दिवे ११०-१२० व्होल्टचे. पुण्यात तसाच लावलात तर बल्ब क्षणात जाईल. एलइडीचा संच असेल तर अॅडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा. साधा बल्ब असेल तर नुसता तारा न्या, होल्डर आणि बल्ब तिकडे घ्या.

गावात फिरताना प्रत्येक खिडकीत एकच पांढरी मेणबत्ती (हल्ली विजेची) दिसेल. रंगीबेरंगी लखलखाट जुन्या भागात जवळपास नाही. मुलं आधी थोडी खट्टू होतात. पण सेंट्रल मोरेव्हियन चर्चच्या 'पुट्झ'पाशी त्यांचा मूड परत येतो. पुट्झ म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा : शेवाळ, दगड, ओंडके, त्यात इवल्या इवल्या मेंढ्या, मेंढपाळ, उंट. दिव्याचा झोत एकेका भागावर पडत जातो आणि गोष्ट सांगितली जाते. बघताक्षणी दिवाळीतला किल्ला आठवतो. मावळ्यांऐवजी मेंढपाळ, एवढाच फरक. शेवाळ जमवण्याची खटपट तीच! बघायला धर्म कोणता हे कुणी विचारत नाही.

डिसेंबरच्या १ ते २३ तारखेपर्यंत १८१० सालच्या गाउंडी हाउससमोर रोज संध्याकाळी 'जिवंत अॅडव्हेंट कॅलेंडर' असतं. दार ठोठावायचं, आतून कुणीतरी येऊन गाणं म्हणतं किंवा गोष्ट सांगतं, मुलांना खाऊ मिळतो. फुकट आहे आणि फार वेळ लागत नाही. लहान मुलं असतील तर खरेदी दुपारी उरकून याला थांबा.

नदीच्या दक्षिणेला अगदी वेगळं बेथलेहेम आहे. गोल्डन गेट पुलासाठी पोलाद पुरवणारी बेथलेहेम स्टील कंपनी इथली. इथल्या भट्ट्या १९९५ साली थंड झाल्या, २००१ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २००३ साली तिचं अस्तित्व संपलं. आज त्या गंजलेल्या भट्ट्यांच्या पायथ्याशी स्टीलस्टॅक्स नावाची कलासंकुलाची जागा आहे आणि तिथेच 'क्रिस्टकिंडलमार्केट' भरतं. जर्मन पद्धतीचा नाताळ बाजार, काचेचे दागिने, लाकडी खेळणी, मेणबत्त्या, हातमोजे. याला तिकीट आहे आणि तो नोव्हेंबर-डिसेंबरात फक्त आठवड्याच्या शेवटच्या दिवसांत असतो, तेव्हा निघण्याआधी तारखा बघून घ्या. भट्ट्यांवर रात्री रंगीत प्रकाश टाकतात. देखणं दिसतं खरं, पण ज्यांचे वडील-आजोबा परळ-लालबागच्या गिरण्यांत होते त्यांना हे बघताना काय वाटतं ते आम्ही ऐकलंय. तिकडे फिनिक्स मिलचा मॉल झाला, इकडे भट्टीखाली बाजार भरतो. निदान इथे भट्ट्या उभ्या तरी ठेवल्यात.

लॅम्बर्टव्हिल आणि न्यू होप

हे जोडगाव जवळ, एडिसनहून पाऊण-एक तास. डेलावेअरच्या अलीकडे न्यू जर्सीतलं लॅम्बर्टव्हिल, पलीकडे पेनसिल्व्हेनियातलं न्यू होप, मध्ये १९०४ सालचा लोखंडी पूल. गाडी लॅम्बर्टव्हिलला लावा आणि पूल चालत ओलांडा. कडेला पादचाऱ्यांची वाट आहे, टोल नाही. पुलाच्या मध्यावर राज्याची सीमा ओलांडण्यात मुलांना भारी मजा येते. वारा मात्र बोचरा असतो, कानटोपी विसरू नका.

लॅम्बर्टव्हिल जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध. पितळी दिवे, चिनी मातीच्या बशा, जुने नकाशे, लाकडी पेट्या. गावाबाहेर रूट २९ वर गोल्डन नगेट नावाचा जुना बाजार भरतो, बुधवार, शनिवार आणि रविवारी. तिथे सकाळी लवकर जायचं, दुपारपर्यंत विक्रेते आवराआवर करू लागतात. घासाघीस चालते, पण मंडईच्या थाटात नको. "यात काही कमी होईल का?" एवढं हसून विचारायचं, दहा-पंधरा टक्के सुटले तर सुटले. गावातल्या बंदिस्त दुकानांत एकाच वेळी दोन-तीन वस्तू घेत असाल तरच विचारावं. न्यू होप जास्त नटवं आहे, तरुण मंडळींना आवडतं. आमचं मत लॅम्बर्टव्हिलच्या बाजूचं.

या गावाबद्दल एक गोष्ट माहीत असावी. २००४, २००५ आणि २००६, अशी लागोपाठ तीन वर्षं डेलावेअरला पूर आला. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसाने इथले ओढे फुगले आणि घरांत, दुकानांत पाणी शिरलं. छोट्या दुकानदाराचा सगळा माल तळघरात असतो. तो भिजला की विम्यातून किती निघतं हे आपल्याकडच्या कोल्हापूर-सांगलीच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. अशा दुकानाला सावरायला डिसेंबरच हाती असतो.

तिथून दहा मिनिटांवर लहास्कामध्ये पेडलर्स व्हिलेज आहे. खरं तर हे गाव नव्हेच. १९६२ साली गावासारखं दिसावं म्हणून बांधलेलं दुकानांचं संकुल आहे ते. पण विटांच्या वाटा, भरपूर दिवे, फुकट पार्किंग आणि जिंजरब्रेडच्या घरांचं प्रदर्शन यामुळे बाबागाडी घेऊन येणाऱ्यांना सोयीचं. फोटो उत्तम येतात. शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला अर्धा तास धरा.

लिटिट्झ आणि अमिश भाग

हे लांब, सव्वा दोन तास. मुक्काम केलात तर बरं. लिटिट्झ हे १७५६ सालचं मोरेव्हियन गाव, म्हणजे बेथलेहेमचंच धाकटं भावंड. इथे ज्युलियस स्टर्जिसची १८६१ सालची प्रेट्झेल बेकरी आहे, मुलांना स्वतः प्रेट्झेलला पीळ घालू देतात. विल्बर चॉकलेटचा कारखाना २०१६ साली बंद झाला तरी दुकान चालू आहे. त्यांची 'बड्स' ही छोटी चॉकलेटं हर्शीच्या किसेसपेक्षा जुनी आणि आमच्या मते चवीलाही सरस. कॅलिफोर्नियात ज्याच्या जमिनीवर सोनं सापडलं आणि ज्याच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही, त्या जॉन सटरची कबर याच गावात आहे.

आसपासच्या लँकेस्टर काउंटीत अमिश लोकांची दुकानं. तीन गोष्टी लक्षात ठेवा : रविवारी बंद, रोख पैसे जवळ हवेत, आणि माणसांचे फोटो काढायचे नाहीत. त्यांच्याकडे नाताळचं झाड, दिव्यांच्या माळा असलं काही नसतं. सण मात्र दोन दिवस पाळतात, २५ आणि २६ डिसेंबर. क्विल्ट बघाच. आपली गोधडीच, पण किंमत हजार डॉलरच्या पुढेही जाते. महिनोन्‌महिने हाताने घातलेले टाके जवळून पाहिले की किंमत जास्त वाटत नाही, पण घेतोच असंही नाही! त्याच कापडाचे उशीचे अभ्रे, भांडी धरायची फडकी वीस-तीस डॉलरमध्ये मिळतात. आईला, सासूबाईंना न्यायला छान. बरणीतल्या वस्तूंत अॅपल बटर घ्या. नावात बटर असलं तरी लोण्याचा पत्ता नसतो, सफरचंद आटवून केलेला तो मसालेदार मुरांबाच. चाउ-चाउ म्हणजे भाज्यांचं आंबटगोड लोणचं. शूफ्लाय पायमध्ये काकवी असते, कोल्हापूरच्या माणसाला पहिल्या घासात ओळख पटते.

आता खाण्याचं

डबा न्यावा हे आमचं स्पष्ट मत. थालीपीठ, दशम्या, चटणी. विकत घ्यायचं तर गरम सायडर सगळीकडे मिळतं, दालचिनी-लवंग घातलेला सफरचंदाचा रस, मुलांनाही चालतो. जर्मन बाजारात मिळणारी ग्लूवाइन म्हणजे गरम केलेली दारू, दोन्ही कप सारखेच दिसतात म्हणून सांगून ठेवतो. बटाट्याचं सारण भरलेले पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, पण वर परतलेल्या कांद्याबरोबर बेकन टाकलंय का ते विचारायचं. मार्शमॅलोत जिलेटिन असतं, हॉट चॉकलेट मागताना "मार्शमॅलो नको" म्हणा. मोरेव्हियन शुगर कुकीज आणि पायच्या कवचात काही ठिकाणी लार्ड म्हणजे डुकराची चरबी वापरतात. डब्यावर घटक छापलेले असतात, नसतील तर विचारा. अजूनपर्यंत कुणी वाईट तोंड करून उत्तर दिलेलं नाही.

कुणाला काय द्यावं

शिक्षिकेला महागडं काही नको. सरकारी शाळांत भेटवस्तूंबाबत नियम असतात, शाळेच्या ऑफिसात आधी विचारा. मुलाने हाताने लिहिलेलं कार्ड आणि गावातल्या पुस्तकांच्या दुकानाचं छोटं गिफ्ट कार्ड हे आमचं ठरलेलं. पोस्टमनला रोख पैसे देऊ नका, त्याला ते घेताच येत नाहीत. पोस्ट खात्याच्या नियमानुसार एका वेळी वीस डॉलरपर्यंतची वस्तू त्याला चालते. सीक्रेट सँटाला ऑफिसने जी मर्यादा ठरवली असेल ती पाळा, आपण जास्त खर्च केला की समोरच्याला अवघड होतं. शेजाऱ्यांना कुकीजचा डबा, आणि त्याच्याबरोबर घरच्या चकल्या! दरवर्षी डबा परत येताना त्यात काहीतरी असतं. रिकामा डबा परत करू नये हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

महाग पडतं का?

हो, पडतं. तीच मेणबत्ती मोठ्या साखळी दुकानात स्वस्त मिळेल. थोडं करात वाचतं : कपड्यांवर दोन्ही राज्यांत सेल्स टॅक्स नाही. चॉकलेट-गोळ्यांवर न्यू जर्सीत आहे, पेनसिल्व्हेनियात नाही. बाकी वस्तूंवर न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, पेनसिल्व्हेनियात बहुतेक ठिकाणी ६. पण करासाठी कुणी साठ मैल पेट्रोल जाळत नाही.

मग जायचं कशाला? आपल्या ओक ट्री रोडचंच उदाहरण घ्या. मॉल आणि हायवे आल्यावर अशा कितीतरी रस्त्यांवरची गावठाणातली दुकानं ओस पडली. आयसेलिनच्या त्या रस्त्याला पुन्हा जीव आला तो आपल्या लोकांनी साड्यांची, वाणसामानाची, मिठाईची दुकानं काढली म्हणून. दिवाळीच्या पंधरा दिवसांत तिथल्या मिठाईवाल्याचं वर्षाचं गणित बसतं किंवा फसतं. बेथलेहेमच्या मेन स्ट्रीटवरच्या खेळण्यांच्या दुकानाचं अगदी तसंच, फक्त महिना डिसेंबर. पूर्वी तिथलं गिऱ्हाईक १९७६ साली उघडलेल्या लिहाय व्हॅली मॉलने ओढलं, आता इंटरनेट ओढतंय. आम्ही सगळी यादी गावात घेत नाही. मुलांचा व्हिडिओ गेम, भावाचा लॅपटॉप जिथे स्वस्त तिथेच. पण ज्या वस्तूला हाताचा स्पर्श आहे, जी कुणीतरी बनवली आहे, ती तिथून. यादीचा साधारण एक तृतीयांश भाग, आणि त्यासाठी ठरवून ठेवलेली वेगळी रक्कम. रक्कम संपली की दुकानं बघायची, पाकीट नाही काढायचं!

काही बारीकसारीक सूचना. शक्यतो शुक्रवारी सुट्टी टाकून जा. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार २०१० पासून 'स्मॉल बिझनेस सॅटर्डे' म्हणून साजरा होतो, त्या दिवशी सवलती असतात आणि गर्दीही. घेताना परत करण्याचे नियम विचारा, छोट्या दुकानांत बऱ्याचदा पैसे परत मिळत नाहीत, त्या बदल्यात दुसरी वस्तू मिळते. गिफ्ट रिसीट मागून घ्या. पार्किंग मीटरसाठी क्वार्टर ठेवा किंवा फोनवर अॅप घाला. आई-बाबांना स्वच्छतागृहाची चिंता असते, तेव्हा गावात शिरताच आधी व्हिजिटर सेंटर गाठा.

भारतात नेणार असाल तर भेटवस्तू आधीच कागदात गुंडाळू नका, विमानतळावर तपासणीत उघडायला लावू शकतात. चकचकीत कागद वेगळा न्या. अॅपल बटर, जॅम, लोणची चेक-इन बॅगेत. पाण्याने भरलेला काचेचा स्नो ग्लोब टेनिसच्या चेंडूपेक्षा मोठा असेल तर तोही चेक-इनमध्येच. काचेचे दागिने मोज्यात घालून बुटात ठेवले की पुण्यापर्यंत शाबूत पोहोचतात, हे तीन वेळा करून पाहिलं आहे.

आणि ज्यांना पुढच्या वर्षाची तयारी करायची असेल त्यांनी २६ डिसेंबरला सकाळी जावं. दागिने, कागद, रिबिनी बऱ्याच दुकानांत निम्म्या किमतीला असतात. दुकानदार दमलेला असतो पण गप्पांना मोकळा असतो. मोरेव्हियन तारा मात्र तोपर्यंत बहुधा संपलेला असतो, तो हवा असेल तर नोव्हेंबरातच घ्या.